स्वस्त वस्तूचें मोल

बाजारांतून एखादी वस्तु निम्म्या किंमतींत घेऊन घरीं परतणाऱ्या मनुष्याच्या मुद्रेवर जें समाधान विलसत असतें, त्याचें पृथक्करण करून पाहण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या वस्तूचा दर आपण कोणीं विचारल्याखेरीज सांगत नाहीं. स्वस्तांत मिळालेल्या वस्तूचा दर मात्र कोणीं न विचारतां सांगतों, आणि मूळ दर किती होता तें त्याच्याहि आधीं सांगतों. ह्यावरून असें दिसतें कीं, अशा प्रसंगीं होणारा आनंद दुहेरी असतो. एक वस्तु मिळाल्याचा व दुसरा पैसे वांचल्याचा. पैसे वांचविणें हा सद्गुण समजला जात असल्यामुळें हा दुसरा आनंद पहिल्यावर नीतीचें पांघरूण घालतो. जी वस्तु घेण्याचें काल धाडस होत नव्हतें, ती आज घेणें हें शहाणपणाचें वाटूं लागतें. हें शहाणपण कितपत खरें, आणि वांचलेला पैसा वास्तविक कोणाच्या पदरचा, हा प्रश्न आम्हांस एका लहानशा खरेदीच्या निमित्तानें पडला. त्या खरेदीस आतां पुष्कळ वर्षें लोटलीं; परंतु प्रश्न अजून शिळा झालेला नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन २००० व २००१ ह्या सालीं आम्ही नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत राहत होतों. १९ जुलै २००० रोजीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या एका प्रदर्शनांत ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स ह्यांनीं एक नवा संगणक लोकांपुढें मांडला. 'पॉवर मॅक जी-४ क्यूब' हें त्याचें नांव. मेजावर ठेवावयाचा संगणक म्हणजे एक ओबडधोबड, घरघर करणारी पेटी, अशीच त्या काळीं बहुतेकांची समजूत असे. हा संगणक मात्र सुमारें आठ इंच लांबीरुंदीचा, रुपेरी करड्या रंगाचा घन असून पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणांत अधांतरीं धरल्यासारखा दिसे. त्यांत पंखा नव्हता. आंतील उष्ण हवा मधल्या पोकळींतून आपोआप वर चढून माथ्यावरील जाळीवाटे निघून जाई, आणि त्यामुळें यंत्र चालू असतांहि खोलींत शांतता असे. तबकडी माथ्यावरील फटींत उभी सरकवावयाची. चालू करण्यास कळ दाबण्याचें कारण नव्हतें. माथ्यावरील खुणेस बोट टेकवलें कीं तिच्याखालीं मंद प्रकाश उमटे. अंतरंग पाहावयाचें झाल्यास घन उलटा करून तळाची मूठ दाबावी म्हणजे ती वर येई, आणि विहिरींतून भरलेली घागर ओढावी तसें सर्व यंत्र त्या मुठीनें बाहेर काढतां येई. ज्या वस्तूचें आंतलें अंग सहसा कोणी पाहणार नाहीं, तिच्या त्या अंगावरहि इतकी मेहनत घेतलेली पाहून आम्हांस तरी तिच्याविषयीं आदर वाटला. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें पुढें ह्या संगणकास आपल्या संग्रहांत स्थान दिलें, ह्यावरून हा आदर केवळ आमच्यापुरताच नव्हता असें म्हणतां येईल.

परंतु आदर वाटणें निराळें आणि पैसे मोजणें निराळें. क्यूबची किंमत १,७९९ डॉलर होती व पडद्याचे पैसे त्याहून वेगळे. त्याच वेळीं तीच कंपनी त्याच कुळांतील, वेगानें किंचित् मंद असा उभ्या पेटीचा संगणक १,५९९ डॉलरांस विकत होती, आणि त्या पेटींत मागाहून नवे भाग बसविण्यास ऐसपैस जागा होती. क्यूबमध्यें ती सोय जवळजवळ नव्हती. म्हणजे ग्राहकानें दोनशें डॉलर अधिक द्यावयाचे, ते बहुतांशीं सोय कमी व रूप अधिक मिळावें म्हणून! त्यांत पारदर्शक आवरणावर केसासारख्या रेघा दिसतात अशी कांहीं ग्राहकांनीं तक्रार केली. त्या भेगा नसून साच्याच्या रेषा आहेत, असें कंपनीचें म्हणणें पडलें. कसेंहि असो, अपेक्षेइतका खप झाला नाहीं. किंमती उतरविण्यांत आल्या, आणि ३ जुलै २००१ रोजीं, म्हणजे पुरतें वर्षहि भरण्यापूर्वीं, कंपनीनें क्यूबचें उत्पादन अनिश्चित काळापर्यंत तहकूब केल्याचें जाहीर केलें. 'अनिश्चित काळ' ह्या शब्दांचा व्यापारांतील अर्थ वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. दुकानांतून उरलेले नग उतरत्या भावानें निघूं लागले. आमच्या बिऱ्हाडापासून जवळच एका दुकानांत मांडणींत ठेवलेला एक नग होता; तो नऊशें डॉलरांस, म्हणजे मूळ किंमतीच्या जवळजवळ निम्म्यांत, द्यावयाचा आहे असें आम्हांस कळलें.

वर्षभर आम्ही त्या घनाकडे कांचेबाहेरून पाहत आलों होतों. आतां तो आटोक्यांत येतांच मनानें युक्तिवाद सुरू केला. पहिला प्रश्न असा कीं, किंमत उतरली म्हणजे वस्तूची योग्यताहि उतरली काय? अरिस्टॉटलनें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत पादत्राणाचें उदाहरण घेऊन असें दाखविलें आहे कीं, प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात. पादत्राण पायांत घालतां येतें, आणि तें देऊन दुसरें कांहीं घेतांहि येतें. बाजार विचार करतो तो ह्या दुसऱ्या उपयोगाचा. संगणकाच्या बाबतींत तर बाजाराची स्थिति मंडईंतल्या भाजीवाल्यासारखी असते. उद्यां सकाळीं ताजी गाडी येणार हें ठाऊक असल्यामुळें आजची जुडी संध्याकाळीं निम्म्या दरानें द्यावी लागते. जुडी सकाळीं चांगली होती व संध्याकाळीं वाईट झाली, असा त्याचा अर्थ नव्हे.

बाजारानें नाकारलेल्या वस्तूच्या हातून केवढें कार्य होऊं शकतें, ह्याचें एक उदाहरण ह्याच घराण्यांतलें आहे. जॉब्स ह्यांनीं ॲपलपासून दूर असतांना नेक्स्ट नांवाची दुसरी कंपनी काढली होती, व तिच्यातर्फे सन १९८८ मध्यें एक फूट लांबीरुंदीचा काळा घनाकृति संगणक पुढें आणला होता. त्याची किंमत ६,५०० डॉलर होती. तो फारसा खपला नाहीं, आणि सन १९९३ मध्यें त्या कंपनीनें यंत्रें घडविण्याचें कामच सोडून दिलें. परंतु जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं सन १९९० मध्यें जगड्व्याळ माहितीजाळ्याची पहिली घडण केली, ती नेक्स्टच्याच संगणकावर! दुकानदाराची वही आणि जगाचा इतिहास ह्यांचे हिशेब एकाच पानावर लिहिलेले नसतात, एवढें तरी ह्यावरून ठरतें.

हा युक्तिवाद आम्हांस फार पटला. आणि जो युक्तिवाद आपल्या इच्छेच्या बाजूनें बोलतो तो फार लवकर पटतो, म्हणूनच त्याची फेरतपासणी करणें अवश्य असतें. तशी ती केली तेव्हां त्याच्या पोटीं थोडा अहंकार दडलेला आढळला. जगास जें कळलें नाहीं तें आम्हांस कळलें, ही भावना अशा खरेदींत वस्तूबरोबर फुकट मिळते. पडक्या किंमतीचा संगणक घेणारा मनुष्य स्वतःस काटकसरी म्हणवून घेतोच, शिवाय रसिकहि म्हणवून घेतो. आणि एवढ्या थोड्या पैशांत दोन पदव्या मिळतात म्हटल्यावर मोह पडल्यास नवल नाहीं. तथापि हा दोष ज्याचा त्याला बाधणारा आहे. त्यानें दुसऱ्या कोणाचें नुकसान होत नाहीं.

दुसरा प्रश्न ह्याहून गंभीर. तो असा कीं, ही सवलत देतो कोण? किंमतीतले नऊशें डॉलर हवेंत विरून जात नाहींत. ते कोणी तरी सोसलेले असतात. दुकानांतल्या नगाच्या बाबतींत तो कोणी तरी म्हणजे व्यापारी, आणि त्याच्या मागें कंपनी. लोकांस काय रुचेल ह्याचा तिनें केलेला अंदाज चुकला. ज्यानें नफ्याच्या आशेनें अंदाज केला, त्यानें चुकीचा तोटा सोसावा ह्यांत अन्याय नाहीं; व्यापार ह्या शब्दाचा अर्थच तो आहे. प्रथम पूर्ण किंमत देऊन घेणाऱ्यांचें काय, असें कोणी विचारील. ह्याच कंपनीनें सन १९९७ मध्यें आपल्या विसाव्या वर्षाच्या स्मरणार्थ एक विशेष संगणक काढला होता. त्याची प्रथमची किंमत ७,४९९ डॉलर होती, आणि सन १९९८ मध्यें तो बंद करतांना उरलेले नग १,९९५ डॉलरांस काढण्यांत आले. आधीं घेतलेल्यांच्या मनास काय वाटलें असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. परंतु त्यांनीं जें मागितलें तें त्यांस मिळालें होतें. सर्वांच्या आधीं ती वस्तु आपल्या मेजावर असणें हाहि त्यांनीं विकत घेतलेल्या मालाचा एक भाग होता, आणि तो त्यांच्याकडून कोणी परत घेतला नाहीं. तेव्हां दुकानांतला नग निम्म्या किंमतींत घेणें हें आमच्या मतें निर्दोष होतें, व तो घ्यावा असें आम्हीं जवळजवळ ठरविलेंहि होतें.

ह्याच सुमारास आमच्या एका स्नेह्यांचा दूरध्वनि आला. हे गृहस्थ पुण्याकडचे. आमच्याप्रमाणेंच नोकरीसाठीं तिकडे आलेले. क्यूब बाजारांत आला त्याच हिंवाळ्यांत त्यांनीं तो पूर्ण किंमतीस घेतला होता, आणि आमच्या मनांत त्या घनाविषयींचें प्रेम उत्पन्न झालें तें त्यांच्याच घरीं. सन २००१ हें वर्ष संगणकाच्या धंद्यांतील लोकांस फार वाईट गेलें. शेंकडों नव्या कंपन्या बुडाल्या, व स्नेह्यांचीहि नोकरी गेली. नोकरी सुटली म्हणजे परदेशी मनुष्याचा तेथें राहण्याचा आधारच सुटतो. बिऱ्हाड मोडण्याचें काम चाललें होतें. ते म्हणाले, "क्यूब बरोबर नेत नाहीं. तुम्हांला पाहिजे असेल तर घेऊन जा. चारशें द्या म्हणजे झालें."

अशा जुन्या क्यूबास त्या वेळीं शोकी लोकांकडून सातशें डॉलर सहज मिळत, हें आम्हांस ठाऊक होतें. कारण गेले तीन आठवडे आमचा दुसरा उद्योगच नव्हता. उत्पादन बंद पडल्यामुळें त्या लोकांची मागणी उलट वाढेल असाहि आमचा तर्क होता. हें स्नेह्यांस ठाऊक नसावें असें आम्हीं मनाशीं धरलें. सामान बांधण्याच्या गडबडींत असलेल्या मनुष्यास बाजारभाव कोठून कळणार? आम्ही "बरें" म्हणालों, आणि त्याच रात्रीं जाऊन पैसे देऊन आलों. एखादें देणें इतक्या तातडीनें फेडल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

घन मेजावर आला. माथ्यावर बोट टेकवतांच प्रकाश उमटला. आम्हीं मूळ किंमत किती, दुकानांत किती व आपणांस किती, हा हिशेब घरांत मोठ्या उत्साहानें सांगितला. आमच्या मंडळींनीं तो शांतपणें ऐकून घेतला व एवढेंच विचारलें, "तुम्हीं स्वस्तांत घेतलात, कीं त्यांनीं स्वस्तांत दिला?"

ह्या प्रश्नानें आमचा सगळा युक्तिवाद एका क्षणांत निरुपयोगी झाला. दुकानदाराच्या तोट्याविषयीं आम्हीं जें काय ठरविलें होतें तें येथें लागू पडत नव्हतें. हा तोटा कोणाच्या चुकलेल्या अंदाजाचा नव्हता. तो अडचणींतून आलेला होता. अडलेल्या मनुष्याच्या तोंडून निघालेली किंमत ही त्याच्या वस्तूची किंमत नसते, त्याच्या अडचणीची असते. व्यापारी सवलत देतो तेव्हां तो मागें हटत असतो. अडलेला मनुष्य देतो तेव्हां तो ढकलला गेलेला असतो. बाहेरून आंकडा एकच दिसतो, म्हणून दोहोंस आपण स्वस्त हें एकच नांव देतों, आणि येथेंच फसतों.

रोमचा वक्ता सिसरो ह्यानें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत असेच प्रश्न घातले आहेत. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें लोकांस सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें धान्य विकावें? ह्यावर दोन तत्त्वज्ञांचा वाद त्यानें दिला आहे. एकाच्या मतें न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. दुसऱ्याच्या मतें मनुष्यमात्राचें हित एक असल्यामुळें सर्व सांगितलें पाहिजे. सिसरो दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. पुढें त्यानें उलट बाजूचाहि प्रश्न विचारला आहे, आणि तो आमच्या अगदीं वर्मीं लागणारा आहे. एखादा मनुष्य सोनें विकत असून तें पितळ आहे अशी त्याची समजूत असेल, तर हजार नाण्यांचा तो माल सज्जनानें एका नाण्यास घ्यावा काय, कीं तें सोनें आहे असें त्यास सांगावें? आमचें पितळ सोन्याइतकें मोलाचें नव्हतें व फरक हजारपट नव्हता. परंतु नीतीच्या प्रश्नांत रकमेनें फरक पडतो असें म्हणणाऱ्याचा पाय आधींच घसरलेला असतो.

आमच्या शास्त्रकारांनीं हें मनुष्यस्वभावाचें अंग चांगलें ओळखलें होतें. खरेदीविक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापास त्यांनीं 'अनुशय' असें नांव दिलें असून, त्यासाठीं व्यवहार फिरविण्याची मुदतहि घालून दिली आहे. मनुस्मृतींत ती दहा दिवसांची आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन आणि गुरें राखणारांस पांच रात्री दिल्या आहेत. ज्यास व्यवहाराची माहिती अधिक त्यास मुदत कमी, हें त्यांतलें तारतम्य मोठें मार्मिक आहे. आम्हांस सहा रात्री लागल्या. सातव्या दिवशीं सकाळीं तीनशें डॉलर खिशांत घालून आम्ही स्नेह्यांच्या घरीं गेलों.

घरांत खोक्यांवांचून कांहीं उरलें नव्हतें. एका खोक्यावर बसून आम्हीं सर्व हकीकत सांगितली व पैसे पुढें केले. त्यांनीं ते घेतले नाहींत. ते हंसून म्हणाले, "अहो, भाव मला ठाऊक होता. दुकानांतला नगहि मी पाहून आलों होतों. सातशें मला कोणींहि दिले असते. पण अनोळखी माणसें घरांत येणार, त्याला उलटासुलटा करून बघणार, घासाघीस करणार, तें ह्या दिवसांत नको वाटलें. तुमच्याकडे राहिला म्हणजे कुठें आहे तें मला ठाऊक राहील. फुकट दिला असता तर तुम्हीं घेतला नसता, म्हणून चारशें म्हटलें."

हें ऐकून आमच्या मनावरचें ओझें उतरलें, असें लिहितां आलें असतें तर हा निबंध येथेंच संपला असता. क्षणभर तें उतरलेंहि. परंतु घरीं परततांना लक्षांत आलें कीं, ह्या खुलाशानें स्नेही निर्दोष ठरले, आम्ही नव्हे. त्यांचें अज्ञान हा आमचा केवळ समज होता. परंतु ज्या वेळीं आम्ही गप्प राहिलों त्या वेळीं तो समज आम्हीं खरा धरला होता, आणि त्याचा फायदा घेण्यासाठींच गप्प राहिलों होतों. रात्रीं दुसऱ्याच्या बागेंतले आंबे चोरण्यासाठीं कोणी कुंपणावरून उडी मारावी, आणि मालकानें त्याच्याचसाठीं पाटी भरून कुंपणापाशीं ठेवलेली आढळावी, तशी ही स्थिति झाली. त्या मनुष्यास कायदा चोर म्हणणार नाहीं. पण उडी मारतांना तो कोण होता, हें त्याचें त्यास ठाऊक असतें.

नुकसान कोणाचें झालें नाहीं तेथें दोष कसला, असें म्हणणारा एक पक्ष आहे, व त्याच्या म्हणण्यांत व्यवहारापुरतें तथ्यहि आहे. न्यायाधीशास परिणामावरूनच निवाडा करावा लागतो. परंतु मनुष्यास आपल्या मनाशीं जो निवाडा करावयाचा असतो, त्यांत परिणाम हा साक्षीदार फारसा उपयोगी पडत नाहीं. परिणाम चांगला झाला तो स्नेह्यांच्या औदार्यानें. आमच्या वांट्याचें जें कृत्य होतें त्यांत त्या औदार्याचा अंश नव्हता. आणि नेलेल्या त्या तीनशें डॉलरांचाहि विचार करतां असें वाटतें कीं, ते त्यांच्या गरजेसाठीं कमी व आमच्या झोंपेसाठीं अधिक होते. त्यांनीं ते घेतले असते तर आमची विवेकबुद्धीहि सवलतीच्या दरांत सुटली असती. न घेऊन त्यांनीं आम्हांस ऋणी ठेविलें, हेंच योग्य झालें.

ह्या सर्वांवरून स्वस्त वस्तु घेऊंच नये असा बोध काढणें आम्हांस अभिप्रेत नाहीं. मध्यम स्थितींतल्या कुटुंबास सवलतींवांचून पुष्कळ चांगल्या वस्तूंचें दर्शनहि घडणार नाहीं, आणि मागें पडलेली, परंतु मन लावून घडविलेली वस्तु कोणीं तरी प्रेमानें घरीं नेणें हें तिच्या कर्त्याच्या श्रमाचें सार्थकच आहे. एवढेंच कीं, किंमतीच्या चिठ्ठीवर जुना आंकडा खोडून नवा लिहिलेला दिसला म्हणजे मधला फरक कोण सोसतो आहे, हें एकदां विचारावें. तो सोसणारा अंदाज चुकलेला व्यापारी असेल तर खुशाल घ्यावें. अडचणींत सांपडलेला मनुष्य असेल तर आपणांस जें ठाऊक आहे तें त्यास आधीं सांगावें, आणि मग त्यानें मागितलें तें द्यावें. सांगितल्यानंतर जी सवलत उरेल ती देणगी. न सांगतां जी मिळेल ती लूट, मग ती कितीहि लहान असो.

तो घन आमच्याबरोबर पुण्यास आला. सन २००५ मध्यें निघालेली प्रणाली ही त्यास अधिकृतपणें चालणारी शेवटची. त्यानंतरच्या प्रणालींस त्याचा वेग पुरेसा नव्हता. आज त्यावर नित्याचें काम होत नाहीं, आणि तरीहि तो मेजावरून हालविण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. स्नेहीहि पुढें कांहीं वर्षांनीं पुण्यासच स्थायिक झाले. घरीं आले म्हणजे बसण्यापूर्वीं त्याच्या माथ्यावर बोट टेकवून प्रकाश उमटतो कीं नाहीं हें पाहतात. नव्या पाहुण्यांस त्याचें रूप पाहून कुतूहल वाटतें, व तो कितीस पडला असें ते हटकून विचारतात. आम्ही चारशें डॉलर असें सांगतों, आणि वेळ असेल तर त्यापुढें ही हकीकतहि सांगतों. कारण तिच्यावांचून तो आंकडा खरा नाहीं.